मधोमध उजेडाचं शिखर नसलेली दीर्घिका

एखाद्या मोठ्या दीर्घिकेचं छायाचित्र समोर घ्या आणि नजर कडेकडून मध्याकडे न्या. तारे दाटत जातात, उजेड वाढत जातो आणि अगदी मधोमध तेजाचं एक टोकदार शिखर येतं. दीर्घिका म्हटली की हे शिखर असायचंच, अशी खगोलशास्त्रज्ञांना सवय झालेली असते. २०११ साली हबल दुर्बिणीनं शौरी तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या ‘अबेल २२६१’ या दीर्घिकासमूहाची छायाचित्रं घेतली. त्या समूहातली सर्वांत तेजस्वी दीर्घिका तपासताना दिसलं की तिला शिखरच नाही. मध्याकडे जाताना उजेड काही अंतरापर्यंत वाढतो आणि मग वाढायचा थांबतो. तिथून केंद्रापर्यंत तो जवळजवळ सपाट राहतो, केंद्रापाशी तर किंचित खालीच उतरतो.

तिथे तारे नाहीत असं नव्हे. त्या सपाट भागातही अब्जावधी तारे आहेत, फक्त ते जिथे सर्वांत दाट असायला हवेत तिथे तसे दाटलेले नाहीत. म्हणजे पूर्वी कधीतरी तिथे काहीतरी घडून गेलं आहे. ज्यानं हे घडवलं ते अजून तिथे आहे की निघून गेलं, याचा शोध तेव्हापासून चालू आहे. आकाशातल्या ज्या कोड्यांबद्दल मी आजवर वाचलं, त्यांत मला हे सर्वांत विलक्षण वाटतं, कारण इथे सगळा तर्क एका उणिवेवर उभा आहे.

आधी या दीर्घिकेचा आकार लक्षात घ्या. आपल्या आकाशगंगेचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षं. हिचा १० लाखांहून थोडा जास्त. ही दीर्घिका उचलून आकाशगंगेच्या जागी ठेवली, तर तिची कड केंद्रापासून ५ लाख प्रकाशवर्षांवर जाईल. दक्षिणेच्या आकाशात दिसणारे दोन्ही मॅजेलनी मेघ, एक सुमारे १ लाख ६० हजार आणि दुसरा सुमारे २ लाख प्रकाशवर्षांवरचा, तिच्या पोटातच राहतील. आपली मोठी शेजारीण देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या वाटेचा पाचवा हिस्सा ही एकटी व्यापेल.

ती लंबवर्तुळाकार प्रकारची आहे. आकाशगंगेसारख्या सर्पिल दीर्घिकेत बहुतेक तारे एका चपट्या चकतीत, एकाच दिशेनं फिरतात आणि सर्पिल भुजांमध्ये वायूचे ढग आकुंचन पावून नवे तारे जन्मतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत चकती नाही, भुजा नाहीत. प्रत्येक ताऱ्याची कक्षा वेगळी, तिचा कल वेगळा. थंड वायू जवळजवळ संपलेला, त्यामुळे नवे तारे क्वचितच. उरलेत ते म्हातारे, तांबूस-पिवळे तारे. वरवर पाहता या दीर्घिका फार साध्या दिसतात. पण हा साधेपणा मोठ्या घडामोडींनंतर आलेला आहे.

आपल्याकडे पोचणारा तिचा प्रकाश निघाला तो सुमारे २.७ अब्ज वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता आणि जीवसृष्टी म्हणजे फक्त सूक्ष्मजीव. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हापासून घडला तो वाहत होता साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि तोवर या प्रकाशानं आपल्या प्रवासाचे सत्त्याण्णव टक्के संपवले होते.

नावातला ‘अबेल’ म्हणजे जॉर्ज अबेल. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेतून आकाशाची पद्धतशीर छायाचित्रं काचेच्या पट्ट्यांवर घेतली जात होती. त्या पट्ट्यांवर दीर्घिकांची गर्दी कुठे कुठे आहे, हे अबेल यांनी नजरेनं शोधून काढलं आणि १९५८ साली २७१२ समूहांची यादी छापली. त्यांच्या पीएच.डी.चं काम होतं ते. संगणकाशिवाय, डोळ्यांनी केलेली ही यादी आजही रोज वापरात आहे, आणि तिच्यातला एक क्रमांक म्हणजे २२६१.

पण दीर्घिकेचा सपाट गाभा त्या पट्ट्यांवर दिसणं शक्य नव्हतं. गाभ्याची त्रिज्या सुमारे १०,००० प्रकाशवर्षं आहे, आणि एवढ्या दुरून ती आपल्याला एका विकलेहूनही लहान दिसते. एक अंश म्हणजे ३६०० विकला. जमिनीवरून पाहताना हवेच्या थरथरीनं प्रतिमा साधारण एवढीच पसरते, त्यामुळे टोकदार शिखरही तिथे बोथटच दिसलं असतं. हवेच्या वर असलेल्या हबलला मात्र याच्या दहाव्या भागाइतके बारकावे टिपता येतात. मार्क पोस्टमन यांच्या नेतृत्वाखालचा गट २०११ साली हबलच्या मदतीनं २५ दीर्घिकासमूहांचा अभ्यास करत होता. हेतू वेगळाच होता. समूहांचं बहुतेक वस्तुमान न दिसणाऱ्या कृष्णपदार्थाचं असतं, त्याच्या गुरुत्वाकर्षणानं मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो, आणि त्या वाकण्यावरून ते वस्तुमान मोजायचं होतं. वाटेत हा गाभा सापडला. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा तो तोवर पाहिलेल्यांत सर्वांत मोठा होता.

एवढी दीर्घिका वाढते कशी? इतर दीर्घिका गिळून. समूहाच्या मध्याशी बसलेल्या दीर्घिकेकडे आजूबाजूच्या दीर्घिका हळूहळू ओढल्या जातात, विरतात, त्यांचे तारे हिचे होतात. अशी एकेक जमेला धरत ती अब्जावधी वर्षं फुगत जाते. टक्कर हा शब्द इथे थोडा फसवा आहे. ताऱ्यांमधली अंतरं त्यांच्या आकाराच्या मानानं इतकी प्रचंड असतात की दोन दीर्घिका एकमेकींतून गेल्या तरी तारा ताऱ्यावर आदळण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. बदलतात त्या कक्षा. दोन नीटस चकत्या एकत्र आल्या की गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत सगळी शिस्त मोडते आणि मागे लंबवर्तुळाकार पसारा उरतो.

आणि येणारी प्रत्येक मोठी दीर्घिका आपल्या मध्यभागी एक अवाढव्य कृष्णविवर घेऊन येते. आपल्या आकाशगंगेतलं सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं आहे. एप्रिल २०१९ मध्ये ज्याची प्रतिमा साऱ्या जगानं पाहिली, ते ‘एम ८७’ या लंबवर्तुळाकार दीर्घिकेतलं कृष्णविवर ६.५ अब्ज सूर्यांचं. दीर्घिका जितकी मोठी तितकं कृष्णविवर मोठं, असा ढोबळ नियम अनेक निरीक्षणांतून दिसला आहे. त्या हिशोबानं अबेल २२६१ च्या या दीर्घिकेत ३ अब्ज ते १०० अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असायला हवं. कुठल्याही मापानं ते ज्ञात कृष्णविवरांतल्या थोरल्यांमध्ये बसेल.

दोन दीर्घिका एक झाल्या, तर त्यांच्या दोन कृष्णविवरांचं काय होतं? इथे एका मोठ्या माणसाचं नाव येतं. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४३ साली एक सुंदर गणित मांडलं. ताऱ्यांच्या दाटीतून एखादी जड वस्तू चालली असेल, तर ती आसपासचे तारे आपल्याकडे खेचते. पण तारे वळून येईपर्यंत वस्तू पुढे सरकलेली असते, म्हणून तिच्या पाठीमागे ताऱ्यांची गर्दी जमते. ही मागची गर्दी तिला मागे ओढते. वेग घटतो आणि वस्तू मध्याकडे बुडत जाते. कुठेही काही घासलं जात नाही, तरी परिणाम घर्षणाचा, म्हणून याला गतिकीय घर्षण म्हणतात. दोन्ही कृष्णविवरं या नियमानं केंद्राशी पोचतात आणि एकमेकांभोवती फिरू लागतात.

मग सुरू होतो तो खेळ गोफणीचा. फिरणाऱ्या या जोडीजवळून जो तारा जाईल, त्याला ती गरगरवून प्रचंड वेगानं बाहेर भिरकावते. फेकलेला प्रत्येक तारा जोडीची थोडी ऊर्जा घेऊन जातो, आणि तेवढी जोडी एकमेकांच्या जवळ येते. असे अगणित तारे फेकले गेले की दीर्घिकेचा मधला भाग उपसला जातो. जिथे उजेडाचं शिखर होतं तिथे सपाटी उरते. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये असे सपाट गाभे पुष्कळ दिसतात आणि त्यांचं हेच स्पष्टीकरण आज सर्वांत पटणारं आहे. दीर्घिका विरून गेली, तिचे तारे मिसळून गेले, तरी तिचं कृष्णविवर येऊन गेल्याची खूण मध्यभागी टिकते, ही गोष्ट मला फार थोर वाटते.

उपसायला तारे उरले नाहीत तर जोडी अडकते का, हा प्रश्न बराच काळ शास्त्रज्ञांना छळत आला आहे. एकमेकांपासून तीनेक प्रकाशवर्षांवर आल्यावर आसपासचे तारे संपतात आणि जवळ येणं थांबतं, असं साधं गणित सांगतं. त्याहून पुष्कळ जवळ आल्यावर मात्र जोडी इतक्या तीव्रतेनं गुरुत्वीय लहरी सोडू लागते की त्यांतच तिची ऊर्जा खर्च होते आणि अखेर दोन्हींचं एक कृष्णविवर होतं. मधला टप्पा कसा ओलांडला जातो, याची उत्तरं अनेक आहेत. दीर्घिकेचा आकार पूर्ण गोल नसेल तर नवे तारे जोडीच्या वाटेत येत राहतात, तिसरं कृष्णविवर येऊन मिळालं तर ते पहिल्या दोघांना ढकलतं, असं बरंच काही.

आता या दीर्घिकेचा खरा थरार. विलीन होताना गुरुत्वीय लहरी सगळ्या दिशांना सारख्या जात नाहीत. दोन कृष्णविवरांची वस्तुमानं असमान असली, किंवा त्यांच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचे आस वाकडेतिकडे असले, की लहरी एका बाजूला जास्त जातात. लहरींना संवेग असतो. त्या जिकडे जास्त गेल्या, त्याच्या उलट बाजूला नव्या कृष्णविवराला धक्का बसतो. आइन्स्टाइनची समीकरणं संगणकावर सोडवून २००७ च्या सुमारास हा धक्का मोजला गेला, तेव्हा अनुकूल स्थितीत तो सेकंदाला काही हजार किलोमीटर इतका निघाला. अब्जावधी सूर्यांचं वस्तुमान आपल्याच घरातून असं बाहेर फेकलं जाऊ शकतं. कधी ते काही अंतर जाऊन परत येतं, गाभ्यातून आरपार जातं, पुन्हा वळतं. कधी कायमचंच जातं. आणि ते गेलं की त्याच्या ओढीनं मध्याशी घट्ट बांधलेले तारे सैल होतात, बाहेर सरकतात. आधीच उपसलेला गाभा आणखी रुंदावतो.

अबेल २२६१ मध्ये नेमकं हेच झालं असावं, असं मानायला जागा आहे. गाभा इतर तेजस्वी दीर्घिकांच्या गाभ्यांहून कितीतरी मोठा आहे. शिवाय तो दीर्घिकेच्या बाहेरच्या भागाच्या मध्याशी जुळत नाही, किंचित बाजूला सरकलेला आहे. गाभ्याच्या आसपास उजेडाच्या चार लहान गाठी दिसतात. फेकलेलं कृष्णविवर आपल्याभोवतीच्या ताऱ्यांचा घोळका बरोबर घेऊन जाऊ शकतं, म्हणून त्यांपैकी एखादी गाठ म्हणजे तेच कृष्णविवर तर नाही, अशी शंका येणं साहजिक होतं.

सारा बर्क-स्पोलाओर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली तिथे पुन्हा नजर लावली. हबलनं गाठींमधल्या ताऱ्यांचा वेग मोजायचा प्रयत्न झाला आणि न्यू मेक्सिकोतल्या व्हेरी लार्ज अ‍ॅरे या रेडिओ दुर्बिणीनं गाभ्यातला रेडिओ स्रोत तपासला. गाठींमध्ये कृष्णविवर असल्याचा पक्का पुरावा मिळाला नाही. रेडिओ स्रोत निघाला तो जुना, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या उलाढालीचा विझत चाललेला अवशेष. म्हणजे कृष्णविवर कधीकाळी इथे जागं होतं, एवढं त्यावरून कळतं.

मग पाळी आली क्ष-किरणांची. कृष्णविवर स्वतः दिसत नाही, पण त्यात पडणारा वायू तापून क्ष-किरण सोडतो. हे किरण टिपणारी दुर्बीण १९९९ साली अवकाशात गेली, आणि तिचं नाव ‘चंद्रा’. त्याच चंद्रशेखरांच्या सन्मानार्थ. कृष्णविवरं दीर्घिकेच्या मध्याकडे का बुडतात हे ज्यांच्या गणितानं सांगितलं, त्यांच्याच नावाची दुर्बीण मध्याशी ते कृष्णविवर आहे का हे पाहायला वळली, हा योग मला मोहवून टाकतो. मिशिगन विद्यापीठाचे कायहान गुल्टेकिन आणि त्यांच्या गटानं दीर्घ काळ घेतलेल्या निरीक्षणांचे निष्कर्ष २०२१ साली छापून आले. गाभ्यात काही नाही. गाठींमध्येही काही नाही. समूहातला सर्वांत दाट तप्त वायूसुद्धा दीर्घिकेच्या मध्याशी नाही, असंही दिसलं.

यातून दोनच अर्थ निघतात. एक तर कृष्णविवर खरोखर मध्याशी नाही, धक्का बसून ते दूर गेलं. किंवा ते तिथेच आहे, पण त्यात पडणारा वायू इतका थोडा आहे की त्याचे क्ष-किरण आपल्यापर्यंत पोचत नाहीत. दुसरी शक्यता सरळ आहे आणि ती सहज झटकून टाकता येणार नाही. विश्वातली बहुतेक मोठी कृष्णविवरं अशीच शांत असतात, आपलंही त्यांतलंच. पण सरकलेला, एवढा रुंद, शिखर नसलेला गाभा पहिल्या शक्यतेकडे बोट दाखवतो. माझा कौल विचाराल तर धक्क्याच्या बाजूनं आहे. मात्र निकाल वायूच्या नव्हे, ताऱ्यांच्या वेगावरून लागेल. कृष्णविवर उपाशी असलं तरी जवळच्या ताऱ्यांना ते जोरानं फिरवतंच, ते लपवता येत नाही. एवढ्या दूरच्या, मंद गाभ्यातले ते वेग मोजायला जेम्स वेबसारखीच दुर्बीण हवी.

ही सगळी कथा एका दीर्घिकेपुरती असती तर तिला अपवाद म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. पण अवाढव्य कृष्णविवरांच्या जोड्या खरोखर फिरत आहेत याचा दुसरा, पूर्णपणे वेगळ्या वाटेनं आलेला पुरावा आता हाती आहे, आणि ती वाट जुन्नर तालुक्यातून जाते.

२०१५ साली अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेनं पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी टिपल्या त्या काही डझन सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या होत्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडियाही त्याच प्रकारच्या लहरी टिपेल. अब्जावधी सूर्यांच्या जोड्यांच्या लहरी फार संथ असतात, एकेक लाट यायला वर्षानुवर्षं लागतात. त्यांना पृथ्वीवरची कोणतीही वेधशाळा पुरत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी ताऱ्यांचीच वेधशाळा केली. सेकंदाला शेकडो वेळा फिरणारे स्पंदक, म्हणजे पल्सार, अतिशय नेमानं रेडिओ स्पंद पाठवतात. संथ लहर आपल्यामधून गेली की हे स्पंद सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढे लवकर किंवा उशिरा येतात. आकाशाच्या वेगवेगळ्या दिशांच्या स्पंदकांमध्ये हा फरक ठरावीक रीतीनं जुळला, तर तो लहरींचा.

जून २०२३ मध्ये अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनी अशा लहरींची चिन्हं मिळाल्याचं एकाच वेळी जाहीर केलं. युरोपच्या गटाबरोबर भारतीय गट होता आणि त्याची निरीक्षणं नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरची होती. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तिची खासियत कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी. ताऱ्यांमधल्या विरळ वायूमुळे स्पंदांना जो उशीर होतो तो याच कंप्रतांवर ठळक दिसतो, आणि तो वजा केल्याशिवाय गुरुत्वीय लहरीचा बारीक फरक सापडत नाही. अमेरिकेच्या गटातल्या शास्त्रज्ञांत अबेल २२६१ मध्ये कृष्णविवर शोधणाऱ्या बर्क-स्पोलाओरही आहेत. या लहरींचा उगम म्हणजे विश्वभरच्या अवाढव्य कृष्णविवरांच्या असंख्य जोड्या, हे आजचं सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण आहे. ते खरं ठरलं तर जोड्या मधल्या टप्प्यावर कायमच्या अडकून पडत नाहीत, त्या पुढे सरकतात, असं म्हणता येईल. आणि जिथे जोड्या विलीन होतात तिथे धक्केही बसणारच.

मे-जूनच्या रात्री शौरी तारकासमूह महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर येतो, स्वाती आणि अभिजित या दोन ठळक ताऱ्यांच्या मधल्या भागात. ही दीर्घिका तुमच्या डोळ्यांना किंवा हौशी दुर्बिणीला दिसणार नाही, पण दिशा दाखवता येईल, आणि मुलांना ती जरूर दाखवा. खोडदची जीएमआरटी तर दूर नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, ती सर्वसामान्यांसाठी खुली असते. तिथे जा, अँटेनाखाली उभे राहा, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना स्पंदकांबद्दल विचारा. ते आनंदानं सांगतात.